आईनं फूल तोडलं नाही

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या फेब्रुवारीतल्या तिसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, शहरातल्या एका मोठ्या सार्वजनिक बागेच्या गुलाब विभागात. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण शिट्टी वाजली तेव्हा मी फोनमध्ये बघत होते आणि वर कोपऱ्यात वेळ दिसत होती. आईकडे बघत असते तर वेळ कळली नसती. पण मग पुढचं काही झालंही नसतं.

बागेचं नाव लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणणार, हां, ती बाग तसलीच आहे, आमच्याकडची तशी नाही.

अन्याय करणारे दोघं. एक बागेचा सुरक्षारक्षक आणि दुसरी मी. रक्षकाचं आधी सांगते, ते सोपं आहे.

आई वडिवळ्याची. कामशेतवरून आत, धरणाच्या अलीकडे आमचं घर. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो, आणि मी शहरात कामाला आल्यापासून ती एकटी. भाताचं एक खाचर आहे, ते पावसाळ्यापुरतं. बाकी वर्षभर ती गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला जाते. चौदा वर्षं झाली. लोणावळ्याला फिरायला जाताना ही प्लॅस्टिकची पांढरी घरं तुम्ही हायवेवरून पाहिली असतील. आत कोण असतं, हे विचारलं नसेल. आत माझी आई असते. एका बाईला दोन ओळी, दोन ओळींच्या मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट, आणि पलीकडच्या ओळीतली बाई पानांमुळे दिसत नाही. दिवसभर आवाज येतो तो फक्त कात्रीचा.

तिथलं काम नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. गुलाब कळी घट्ट असतानाच कापायचा. पाकळी जरा सुटली की माल बाद, कारण उमललेलं फूल गाडीत टिकत नाही. एका दांडीवर एकच कळी ठेवायची. तिच्या बगलेला हरभऱ्याएवढ्या बारक्या कळ्या फुटतात, त्या नखानं खुडायच्या, म्हणजे सगळा जोर मधल्या कळीत जातो. आणि खुडलेलं काहीही खाली टाकायचं नाही. खाली पडलं की कुजतं, कुजलं की बुरशी धरते, आणि बुरशी धरली की सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतो. म्हणून खुडलेली कळी अॅप्रनच्या खिशात. संध्याकाळी खिसा खड्ड्यात झटकायचा आणि गेटवर पिशवी उघडून दाखवायची. चौदा वर्षं आई रोज पिशवी उघडून दाखवते. एक पाकळी निघालेली नाही. इतर बायका कधी केसांत माळायला एखादं बाद फूल लपवून आणतात, पकडल्या जातात, हसतात, सुटतात. आई तेही करत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. जगभरात ज्यांचं प्रेम त्याच आठवड्यात उतू जातं, त्यांच्यासाठी आमच्या मावळात जानेवारीपासून सुट्टी बंद असते. तो हंगाम संपला आणि तिला सलग दोन दिवस रजा मिळाली. मी फोन केला.

"आई, रविवारी ये इकडं. गुलाबाची बाग बघायला जाऊ."

"आगं, रोज बगते की."

"ते काम आहे. हे बघणं आहे."

"त्यात काय फरक?"

"ये तर."

ती आली. पौर्णिमेला विहारात नेसते ती साडी नेसून आली, पांढरी, निळ्या काठाची. हातात पर्स. पर्स माझीच जुनी, मी कॉलेजात वापरलेली. स्टेशनवर उतरली तेव्हा मला ती बारीक वाटली. मी तेव्हा दुसऱ्याच विचारात होते. सोमवारी आमच्या संघटनेचं एक पत्रक निघायचं होतं आणि त्याचा मजकूर माझ्याकडे होता. पत्रकं लिहिणं हेच मला येतं. अकरावीत असल्यापासून लिहिते. कुणावर अन्याय झाला, केव्हा झाला, मागणी काय. तीन परिच्छेद, शेवटी चार घोषणा.

बागेत शिरल्यावर आई दहा पावलांवर थांबली. समोर गुलाबांचे वाफे, गोल गोल आखलेले, आणि सगळी फुलं पूर्ण उमललेली. काही तर इतकी की मधलं पिवळं दिसत होतं.

"आगं बाई," आई म्हणाली. "सगळं वाया गेलंय की."

मला हसू आलं. "वाया नाही. असंच ठेवतात इथं."

"येवढा बाद माल? कशापायी?"

"बघायला."

"बगायला," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं परत म्हणाली, "बगायला, व्हय?" आणि एका लाल फुलाजवळ वाकून उभी राहिली. मला वाटलं कंबर धरली. पण ती वास घेत होती.

"ह्याला अत्तर मारलंय का गं?"

"नाही गं. गुलाबाला वास असतो."

"आमच्याला न्हाई."

चौदा वर्षं गुलाबात काढलेल्या बाईला गुलाबाचा वास माहीत नव्हता. विकायच्या जातींना वास ठेवत नाहीत, टिकाऊपणा ठेवतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त संताप आला, आणि संताप आला की मी काय करते? टिपून ठेवते. मी बाकावर बसले, फोन काढला आणि "गुलाबाला वास नसतो" असं एक वाक्य लिहिलं. चांगलं वाक्य होतं. त्याच्या पुढचं सुचेना म्हणून मी तिथेच बसून राहिले. आई एकेक झाड बघत पुढे गेली. एकदा तिनं मागे वळून बघितलं, मी हात हलवला, आणि परत फोनमध्ये डोकं घातलं.

आईनं काय केलं ते मी पाहिलं नाही. ते तिनं मला नंतर सांगितलं, आणि तेवढंच खरं आहे. एका झाडावर तिला बगलेच्या कळ्या दिसल्या. कुणीच खुडल्या नव्हत्या. तिनं खुडल्या. खुडतेय हे तिला कळलंसुद्धा नाही, असं ती म्हणते. हात गेला. खाली टाकायच्या नाहीत, म्हणून दुसरा हात अॅप्रनच्या खिशाकडे गेला. अॅप्रन नव्हतं. मग तिनं पर्समधला रुमाल काढला आणि कळ्या रुमालात ठेवल्या. मग पुढचं झाड. मग त्याच्या पुढचं.

तेव्हा शिट्टी वाजली.

"ओ मावशी! ओ! हात काढा! हात काढा तिथून!"

पॉलिहाऊसमध्ये मागून कुणी ओरडलं की त्याचा अर्थ एकच असतो, लवकर आवरा. आईचे हात अजून भरभर चालायला लागले. हे मी पाहिलं, कारण तोवर मी मान वर केली होती. रक्षक धावत तिच्यापर्यंत पोहोचला. पोरसवदा होता, गणवेश दोन मापं मोठा.

"कळ्या खुडताय तुम्ही?"

"व्हय," आई म्हणाली, अगदी सहज. "ह्या ऱ्हायल्यात बगा. कुनी केल्याच न्हाईत. बायामान्सं रजेवर हायेत का तुमची?"

त्याला वाटलं ती चेष्टा करते आहे. "मला शिकवता का? पर्स उघडा."

आईनं पर्स उघडली. सवय. विचारलं की उघडायची. रुमाल त्यानंच बाहेर काढला, गाठ सोडली, आणि तळहातावर घेऊन मोजायला लागला. तोवर लोक जमले. रविवार होता, लोक जमायलाच आलेले असतात.

"कलमं करायला नेतात हो ह्या बायका," एक गृहस्थ म्हणाले.

"कळीचं कलम होतं का?" त्यांच्या बायकोनं विचारलं.

"मग गुलकंद करत असतील."

"एवढ्याशात? चमचाभर तरी होईल का?"

हसले सगळे. रक्षकही हसला. आई नाही हसली. तिनं माझ्याकडे बघितलं.

इथपर्यंत रक्षकाचा अन्याय. आता माझा.

मी उठले, गर्दीत शिरले आणि बोलायला लागले. मला बोलता येतं. माईक नसला तरी चालतं. मी म्हणाले, हात लावायचा नाही तिला. ही बाई कोण आहे माहीत आहे का तुम्हाला? तुमच्या टेबलावरचा गुलाब हिच्या हातचा असतो. चौदा वर्षं ही काट्यात हात घालते, औषधाचे फवारे सुरू असताना आत उभी राहते, आणि तुम्ही हिला चार कळ्यांसाठी अडवता? आणि मी आईचा उजवा हात धरून वर केला. सगळ्यांना दिसावा म्हणून. बघा, बघा हे हात, म्हणाले. त्या हातावर काट्यांचे ओरखडे आहेत, जुने आणि नवे, आणि अंगठ्याचं नख फाटलेलं आहे. लोकांनी फोन वर केले.

"सोड," आई हळू म्हणाली.

मी सोडला नाही. मला वाटलं ती घाबरली आहे. मी अजून जोरात बोलले. तुम्ही हिला चोर म्हणता, खरे चोर कोण ते सांगू का? टाळ्या वाजल्या, थोड्या. एक बाई म्हणाली, "बरोबर बोलतेय मुलगी." आईनं हिसका देऊन हात सोडवून घेतला आणि रक्षकाला म्हणाली, "कागद कुटं हाय? सही कुटं करायची?"

केबिनमध्ये एक छापील माफीनामा होता. आई सातवी शिकली आहे, वाचल्याशिवाय सही करत नाही. तिनं बोट ठेवून वाचलं. 'मी बागेतील फुले तोडली असून त्याबद्दल माफी मागते. पुन्हा असे करणार नाही.'

"फूल कुटं तोडलं मी?"

"मावशी, फॉर्म छापील आहे," रक्षक म्हणाला. आता आवाज उतरला होता त्याचा. गर्दी बाहेर राहिली होती. "ह्यात कळीचा रकाना नाही. सही करा आणि जा. मलाही वर दाखवायला लागतं."

"सही करू नकोस," मी म्हणाले. "मी बघते हे कसं घेतात ते."

आईनं माझ्याकडे न बघता सही केली. अक्षर चांगलं आहे तिचं.

परतीच्या गाडीत मी तिच्यासोबत कामशेतपर्यंत गेले. ती खिडकीशी, मी समोर. तळेगावपर्यंत मी बोलत होते, अर्ज कुठं करायचा, कुणाला भेटायचं. कामशेतला उतरल्यावर मला वाटलं घरी जाऊ, चहा होईल, रात्री राहू. ती फलाटावरच थांबली.

"तू जा परत. उद्या तुजं काम आसंल."

"अगं, राहते ना आज."

"नगं. मी दमलीया."

ती जिना चढून पलीकडे गेली. मी फलाटावर शहराकडच्या गाडीची वाट बघत बसले, पाऊण तास. तेव्हाही मला कळलं नव्हतं. मला वाटत होतं ती बागेवर रागावली आहे.

सोमवारचं पत्रक मी बदललं. आईवर लिहिलं. एका रात्रीत नाही, एका बैठकीत, दुपारी. इतकं सोपं कधी गेलं नव्हतं. मथळा मोठा. आईचं नाव नव्हतं, पण वडिवळे होतं, गुलाबाचं पॉलिहाऊस होतं, चौदा वर्षं होती. आणि मधोमध, जाड टाइपात, हे वाक्य होतं: 'आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गुलाब कापणाऱ्या हातांनी सार्वजनिक बागेतून चार कळ्या घेतल्या, तर बिघडलं काय?'

ते वाक्य परत वाचा. मला परत वाचायला आठ दिवस लागले, आणि तेही आईमुळे.

पत्रकं कामशेतच्या नाक्यावर वाटली गेली. तिथून एक पॉलिहाऊसला पोहोचलं. आठ दिवसांनी आईचा फोन आला. ती स्वतःहून फोन करत नाही.

"तुजा कागद वाचला."

"हां? कसा वाटला?" हे मी विचारलं. खरंच विचारलं.

"चांगला हाय. समद्या बाया म्हनतात चांगला हाय. म्हनतात, एवढं व्हतं तर आमाला पन घेऊन यायच्या चार कळ्या."

मी हसले.

"तू पन म्हनलीस मी घेतल्या," ती म्हणाली. "त्यो पोरगा म्हनला चोरल्या, तू म्हनलीस घेतल्या तर काय झालं. मी घेतल्या न्हाईत गं. खुडल्या. खुडल्या आन खाली टाकल्या न्हाईत. येवढंच झालं. येवढंच तू कुटं लिवलं न्हाईस."

"आई, पण मी तुझ्याच बाजूनं..."

"तू माज्याशी बोलत नव्हतीस त्या दिशी. त्यांच्याशी बोलत व्हतीस."

मग तिनं सांगितलं की गेटवर आता तिची पिशवी नुसती बघत नाहीत, उलटी करतात. डबा उघडतात. सुपरवायझर वाईट वागत नाही, म्हणतो मावशी नियम आहे. पण बाकीच्यांच्या पिशव्या पूर्वीसारख्याच बघतात. तिच्यानंतर रांगेत उभ्या बायका आता दुसरीकडे बघतात. तिला लाज वाटू नये म्हणून.

फोन ठेवला तिनं. त्यानंतर मी फोन केला की ती म्हणते, "काम हाय." असतंच काम. पण पूर्वी काम असतानाही ती कानाशी फोन धरून भाकरी थापायची आणि मला थापण्याचा आवाज यायचा.

तेव्हापासून मी रविवारी एकटी त्या बागेत जाते. माफीनामा रद्द करण्याचा अर्ज घेऊन जाते, हे खरं, पण अर्जाला दहा मिनिटं लागतात आणि मी तीन तास असते. कार्यालयाची खिडकी साडेतीनला उघडते, मी एक वाजताच पोहोचते. मित्रमंडळ आहे म्हणायला. संघटनेतली माणसं जीव लावतात, आंदोलन असलं तर. आंदोलन नसलेल्या रविवारी कुणाला फोन करायचा हे मला या वर्षी पहिल्यांदा स्वतःला विचारावं लागलं. शेजारच्या बाकांवर कुटुंबं असतात. फोटो काढून द्याल का, असं मला विचारतात, मी काढून देते. चौकटीत सगळे मावायला मी मागे मागे सरकत जाते.

एका रविवारी तिथल्या माळीबाबांनी मला ओळखलं. म्हातारा माणूस, खांद्यावर पाण्याची नळी.

"तुमी त्या भाषणवाल्या ना?"

"हो."

"त्या बाई कोण होत्या?"

"माझी आई."

"पॉलिहाऊसच्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"नख बघून. झाडावर नख उमटतं ना. तुमच्यासारख्या तोडतात तेव्हा साल फाटते. हितं एकदम साफ. देठाशी. सतरा ठिकाणी, सतराही साफ." त्यांनी नळी खाली ठेवली. "पण चुकलंच त्यांचं. हितं आम्ही बगलेच्या कळ्या ठेवतो. लोकांना झाड भरलेलं दिसायला पायजे. एकच मोठं फूल काय करायचं बागेत? त्यांना कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार?"

"मी सांगितलं असतं की. मी त्या वेळी पलीकडं पाणी देत होतो. शिट्टी ऐकली, म्हटलं असेल कोण प्रेमवीर." ते हसले. "मला बोलावलं असतं तर दोन शब्दांत मिटलं असतं. म्हटलं असतं, बाई, तुमचं काम एक नंबर, फक्त आमच्या बागेत करू नका."

मी इतके दिवस कुणाकुणाला पत्रं लिहिली होती. नगरसेवक, बागेचे अधिकारी, संपादक. माळ्याला विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, हे लिहून द्याल का?

"मी कामाला हाय हितं, पोरी. लिहिलं तर पुढच्या महिन्यात मी घरी." आणि ते नळी उचलून गेले. मला राग आला नाही. आईनं सही का केली ते थोडं कळलं.

कार्यालयातल्या बाईंनी मात्र शेवटी सरळ सांगितलं. चार वेळा परत पाठवल्यावर. "हे बघा, माफीनामा रद्द होत नाही. पण शेरा मारता येतो. 'फुले तोडली नाहीत, बाजूच्या कळ्या खुडल्या, हेतू चोरीचा नव्हता.' साहेब सही करतील, प्रत मिळेल. फक्त प्रत्यक्ष पाहिलेल्या एका माणसाचा जबाब पाहिजे."

"मी आहे ना."

"तुम्ही मुलगी. नातेवाईक चालत नाही. आणि तुम्ही पाहिलं का?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही," म्हणाले. "मी फोनमध्ये बघत होते."

बाईंनी पहिल्यांदा चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग पाहिलेलं कुणीतरी आणा."

मे महिन्यात मी न कळवता वडिवळ्याला गेले. कळवलं असतं तर काम निघालं असतं. लग्नसराई होती, आई उशिरा आली. मला ओट्यावर बघून तिनं "कवा आलीस?" एवढंच विचारलं. जेवण झालं. मी शेऱ्याचं सांगितलं. साक्षीदाराचं सांगितलं. म्हटलं, मी परत लिहिते, लोकांना हाक घालते, कुणीतरी पाहिलं असेल.

"काय लिवशील?"

"तू सांग."

तिनं बराच वेळ भांडी पुसली. मग बसली, भिंतीला टेकून.

"माजे हात लिवू नको."

"नाही लिहीत." लिहिलेत. या एका गोष्टीसाठी मी तिची परवानगी नंतर घेतली, कारण मी त्या हातांचं काय केलं ते न लिहिता माझा गुन्हा लिहिता येत नव्हता. तिनं विचार करून "बरं" म्हटलं.

"आन गरीब हाय म्हनून सोडा, असं लिवू नको. तोडलं न्हाई म्हनून सोडा."

"बरं."

"आन त्या पोराची नोकरी जाईल असं काय लिवू नको."

"बरं. अजून?"

"त्यो कागद मिळाला तर मला दे. गेटवर दाखवते. आन एकदा परत जाऊन बगीन ती बाग. वास लय चांगला व्हता. पर कागद मिळाल्याबिगर न्हाई. तितं माजी सही हाय, चोर म्हनून. तितं कशी जाऊ?"

मी म्हटलं, "मी येईन बरोबर."

"तू ये," ती म्हणाली. "पर बोलू नको."

हे पत्रक नाही. घोषणा नाहीत. मागणी एकच आहे आणि ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. त्या रविवारी तुम्ही तिथं होता. तुम्ही नाही, तर तुमच्या ओळखीचं कुणी होतं. पंचवीस-तीस माणसं तरी होती, आणि त्या पंचवीस-तिसांपैकी निम्म्यांनी फोन वर धरले होते. पांढरी साडी, निळे काठ, हातात कात्री नाही, पिशवी नाही, एक जुनी पर्स. तुम्ही पाहिलंय की तिच्या रुमालात एकही फूल नव्हतं. पाकळीसुद्धा नव्हती. फोनमध्ये असेल तर काढून बघा, मोजा. माझं भाषण पुढे ढकला, त्यात काही नाही. रुमाल बघा.

बघितलंत? मग कोणत्याही रविवारी साडेतीननंतर त्या बागेच्या कार्यालयात जा. बाग कोणती ते तुम्ही तिथं होतात तर तुम्हाला ठाऊक आहे. खिडकीवरच्या बाईंना सांगा, गुलाबाच्या कळ्यांचा जबाब द्यायचा आहे. मी बाहेर बाकावर असते, पण माझ्याकडे यायची गरज नाही. जे पाहिलंत तेवढं लिहा, आणि खाली स्वतःची सही करा.